कानशिलावरची लाइन

पहिल्यांदा गेला तो उजवा हात.
सराफ्यात, रात्री अकराला, गराडूवर फुंकर मारताना.
तीन फुंकरा, आणि काडी बोटांतून निसटली,
जशी बोटं दुसऱ्याच कुणाची.
दिगंबर म्हणाला, जिरावण जास्त झालं का?
मला म्हणायचं होतं, नाही.
‘नाही’ सापडला नाही.
पाच मिनिटांनी सगळं परत आलं, हात, नाही, हो,
आणि आम्ही वर मालपुवाही खाल्ला.

असं चारदा.
चौथ्यांदा पहाटे त्याने विचारलं, चावी कुठंय?
(नर्मदेच्या लाइनवर व्हॉल्व्हमन तो. त्याची चावी म्हणजे
माझ्या खांद्याला लागेल एवढी लोखंडी कांब.)
मी तिच्याकडेच बघत होते, दाराआड,
आणि तोंडातून येत होतं: झारा. झारा. झारा.

डॉक्टर नाहटांनी फिल्म उजेडासमोर धरली.
मोठ्या नळ्या तळाशीच मिटत चाललेल्या
आणि भोवती बारीक, गुंतलेले, घाबरलेले फुटवे.
जपानीत याला मोयामोया म्हणतात, म्हणाले,
हवेत तरंगत राहिलेला धूर.
माझ्या डोक्यात धूर! आमच्या घरात कुणी बिडीही ओढली नाही.
हे लहान मुलांचं दुखणं ना?
मोठ्यांचंही. मोठ्यांत हे धुराचे धागे कधी फुटतातसुद्धा.
गोळीनं उघडतील का नळ्या?
नाही.

दिगंबरने एवढंच विचारलं, जोड कुठून घेणार?
डॉक्टरांनी माझ्या डाव्या कानापुढे बोट टेकवलं.
बट मागे सारताना जिथं ठक ठक लागतं,
डोकं चढलं की जिथं आपण बाम चोळतो,
ती कवटीबाहेरची शीर. चामडीला, केसांना पुरवणारी.
ती सोडवायची, हाडात खिडकी पाडायची,
मेंदूवरच्या शिरेला शिवायची.
म्हणजे मेन लाइन चोक आहे, दिगंबर म्हणाला,
म्हणून बगीच्याच्या लाइनवरून टॅपिंग.
बरोबर, डॉक्टर म्हणाले. पाइप एक मिलिमीटरचा.
त्यावर तो पहिल्यांदा गप्प झाला.

सही करताना माझा हात चांगला चालला.
तेच वाईट वाटलं. चालत्या हातानं डोकं उघडायला देणं.

आत काय झालं ते मला दिगंबरकडून कळलं, त्याला नाहटांकडून:
दहा टाके, केसाहून बारीक दोऱ्याचे,
मेंदूवरची शीर सव्वीस मिनिटं चिमटीत.
सव्वीस मिनिटं मी कुठल्या मोहल्ल्यात होते कुणास ठाऊक.

तीन दिवस रक्तदाबावर पहारा.
सिस्टर जॉली दर पंधरा मिनिटांनी पट्टा फुगवायची.
हे मात्र दिगंबरला समजावावं लागलं नाही.
कोरड्या वस्तीत एकदम फुल प्रेशर सोडलं
की जुने सांधे फुटतात, तो तिलाच सांगत बसला,
परदेशीपुऱ्यातली कुठलीशी गल्ली, कुठलंसं वर्ष.

मग तिनं कानावर जेल लावून पेनासारखं यंत्र टेकवलं.
खरखर. काही नाही. खरखर.
मग सूं... सूं... सूं...
दिगंबर उठून उभा राहिला.
पहाटे चावी फिरवली की आधी नळांतून हवा जाते,
बाया बादल्या घेऊन नुसत्या ऐकत राहतात,
तोच चेहरा त्याचा.
आलं, म्हणाला. पाणी आलं.

आता चष्म्याची डावी दांडी काढून दोरा बांधलाय.
त्या बाजूला काही दाबायचं नाही, हेल्मेट नाही, घट्ट रुमाल नाही,
कुशीवर झोपायचं तर उजव्या.
ऋजुता म्हणते, आई, तू चोरबाजारातून आणलेली वाटतेस.
फुंकर मारायची नाही. हमसून रडायचं नाही.
रडणं तसंही मला जमत नव्हतं;
फुंकरीची सवय जात नाही.

आणि हे अर्धंच झालंय.
उजवी बाजू दिवाळीनंतर,
तिकडचा धूर अजून आहे तसाच.

चहा समोर ठेवून मी बसते.
साय धरते, सुरकुतते.
दारामागे चावी नाही, म्हणजे तो लाइनवर गेलाय.
मी कानापुढे दोन बोटं ठेवते, अगदी हलकी,
न दाबता.